एक जपानी घाला

“एक जपानी घाला,” फोनवर तेओबाई म्हणाल्या. “कोरियन असला तरी चालेल. पाचच्या आत नाव पाठवा, की तुमचं चर्चासत्र पक्कं समजा, डॉक्टर फान.”

“फान नाही, फानच्यांग. आख्खं आडनाव आहे ते,” यूचिंग म्हणाली. “आणि जपानी कशाला? विषय आमच्या सामुद्रधुनीतल्या मच्छीमारांचा आहे. वाळू उपसणारी जहाजं येतात, जाळी आमची फाटतात आणि समोरच्या किनाऱ्यावरच्यांचीही फाटतात. त्यात ओसाकाचा माणूस येऊन काय दिवे लावणार?”

तेओबाई सिंगापूरच्या. जूनमध्ये तिथं भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा परिषदेच्या चिटणीस. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना कुठलीच कटकट नको होती.

“नियम आहे हो. प्रत्येक चर्चासत्रात निदान दोन देशांचे वक्ते लागतात. तुमचे दोघं तैपेईचे, दोघं समोरच्या किनाऱ्यावरच्या श्यामेनचे.”

“मग? झाले की दोन.”

पलीकडे बाईंनी घसा खाकरला. “आमच्या यादीत तो एकच देश धरतात. मी त्या भानगडीत पडत नाही, तुम्हीही पडू नका. तुमच्याकडच्या प्रत्येक अर्जात एक जपानी असतोच की. यंदा विसरलात वाटतं?”

विसरली नव्हती. तैपेईतली ही जुनी खोड तिला चांगली ठाऊक होती. अर्ज भरतानाच, कुणी विचारायच्या आत, बाहेरचा एक पाहुणा घालून टाकायचा. पाहुणा येतो, पंधरा मिनिटं भलत्याच विषयावर बोलतो, अननसाच्या वड्यांचा खोका घेऊन घरी जातो. दोन देश की एक, हा प्रश्न निघतच नाही. यूचिंगला या खोडीची चीड होती. यंदा तिनं पाहुणा घातला नव्हता. देशाच्या रकान्यात तैवानच्या लोकांना ‘चीनचा प्रांत’ आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते. तिनं ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत ‘तैवान’ लिहिलं. श्यामेनच्या दोघांनी त्यांच्या रकान्यात ‘चीन’ लिहिलं होतं. त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं.

पण जुलैत तिची सहा वर्षं भरत होती. तोवर बढती नाही मिळाली तर विद्यापीठातून नारळ. आणि बढतीसाठी परदेशातल्या परिषदेत स्वतःचं एक चर्चासत्र कमी पडत होतं. हेच ते.

समोरच्या टेबलाशी लिएन सर कलिंगडाच्या बिया फोडत बसले होते. खोलीतली ओल शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. संगणकाच्या डोक्यावर, त्यानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडच्या समजुतीप्रमाणे ठेवलेलं, हिरवं खाऊचं पाकीट होतं. त्याची तारीख उलटू न देणं हे सरांचं या विभागातलं एकमेव ठाम धोरण, असं सगळे म्हणत. सर यंदा निवृत्त होणार होते. दरवर्षी ते परिषदेच्या अर्जात ‘इतर’ निवडत आणि पुढची जागा कोरी सोडत. त्यामुळे पाठीमागं त्यांचं नावच ‘श्रीयुत इतर’ पडलं होतं. यूचिंगही हसली होती त्या नावाला.

सरांनी खणातून एक कार्ड काढून तिच्यापुढं सरकवलं. निशिवाकी, ओसाका.

“मोकळा आहे तो,” सर हळूच म्हणाले. “सकाळीच विचारून ठेवलंय.”

तिनं फोनवर हात ठेवला. “सर, तुम्हीसुद्धा?”

“तुझी नोकरी आहे, यूचिंग. तू ठरव.”

साडेचार झाले होते. गावी आईनं शिनचूच्या आख्ख्या गल्लीला लेक प्राध्यापक होणार म्हणून सांगून ठेवलं होतं. यूचिंगनं कार्ड उचललं, वाचलं, आणि चहाच्या पेल्याखाली दाबून ठेवलं. तिला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. तिनं फोनचा स्पीकर लावला.

“तेओबाई, नाव मिळणार नाही. नाकारायचं तर नाकारा.”

“तुमची मर्जी,” बाईंना हायसं वाटलं. “मग नाकारलं असं समजा.”

“समजणार नाही.” सर फोनकडे वाकले. “लिएन बोलतोय. या कारणावरून नाकारायचं तर कारण लेखी लागतं. खाली कार्यकारिणीच्या अकराही जणांच्या सह्या. नियम चौदा, शेवटची ओळ.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. 

“सर,” बाईंचा आवाज रडवेला झाला, “अहो, हे दोन देश नाहीत असं लिहून अकरा जणांच्या सह्या घेऊ मी? निम्मे सही करणार नाहीत, निम्मे उठून जातील. परिषदच मोडेल माझी!”

“मग नका घेऊ. मंजूर करा.”

यंत्राची टाकी भरली आणि ते बंद पडलं. 

“पत्र आज संध्याकाळी निघेल,” शेवटी त्या म्हणाल्या. “डॉक्टर फानच्यांग.”

यूचिंगनं फोन ठेवला. हसावं की रडावं तिला कळेना.

“सर, ती शेवटची ओळ कुणी कधी वाचतसुद्धा नाही. तुम्हाला कशी पाठ?”

सर टाकी ओतायला उठले होते. वाटेत थांबून त्यांनी पेल्याखालचं कार्ड काढलं आणि टरकन फाडलं.

“मीच लिहिली. बावीस वर्षांपूर्वी, मनिलाच्या बैठकीत,” ते म्हणाले. “आणि मग दरवर्षी मीच एक जपानी घालत आलो.”