सागरवाणीची नवी धून

दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर भलतीच धून वाजली आणि जाळं सांधणारी चांगुणा दचकली.

"ही आपल्या सागरवाणीची नवी ओळख!" निवेदिका कौतुकानं म्हणाली.

"यावर सरकारनं लाखो उधळले? जुनीत काय खोट होती?" सासरा करवादला.

लगेच वादळाचा इशारा आला. सगळ्या होड्यांनी ताबडतोब किनारा गाठावा.

चांगुणानं हातातलं जाळं खाली टाकलं. पहाटेच समुद्रात गेलेल्या नवऱ्याच्या होडीवरल्या रेडिओचा काटा कधीचाच तुटला होता. तो नुसतं बटण फिरवत राही आणि जुनी धून कानावर पडली, की तिथंच थांबे.

"मामा, आज ते बटण फिरवतच राहतील!"

सासऱ्यानं समुद्राकडे पाहिलं. आभाळ काळवंडलं होतं.

रेडिओवर निवेदिका लाडानं विचारत होती, "कशी वाटली आमची नवी धून? जरूर कळवा."