टॉवेलाखालचा आवाज

जुनी दिशायंत्रं आपल्या तांडेलाकडून, म्हणजे बोट हाकणाऱ्याकडून, समुद्र शिकलेली असत आणि त्याच्याच आवाजात बोलत. म्हणून विकण्याआधी त्यांची स्मृती पुसायची, अशी हर्णैची रीत होती. ऑनलाइन लिलावात हिराजी तांडेलाचं यंत्र घेताना धर्मा चोगलेनं त्याच्या विधवेला कळवलं होतं, "वहिनी, तुम्ही तसदी घेऊ नका. मी पुसून घेईन."

त्यानं ते पुसलं नव्हतं. गेले दोन महिने त्या यंत्रातून मेलेला हिराजी त्याला घोळ माशाच्या जागा दाखवत होता.

आज त्यातल्याच एका जागेजवळ एका होडीवरची मुलगी रिकामं जाळं ओढत होती. धर्माची बोट पाहून तिनं होडी शेजारी आणली.

"काका, मी हिराजी तांडेलांची केशर. बाबांची घोळीची जागा इथंच कुठेतरी होती. तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही गो पोरी," म्हणत धर्मानं खांद्यावरचा टॉवेल यंत्रावर टाकला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

पण यंत्रानं तिचा आवाज ओळखला होता.

"केशर, एवढ्या लांब समुद्रात कशाला आलीस? बरं, आलीस तर आलीस. जाळं इथं टाक."

केशरनं जाळं टाकलं नाही. तिनं इंजिन बंद केलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तो टॉवेल जरा काढता?"