दोन गोळ्या चुकल्या

डॉक्टरसाहेब, नव्या औषधाच्या चाचणीतून माझ्या आईचं नाव कापताना तुमची अक्कल चरायला गेली होती! तुम्हीच सांगितलंत, पेशींनी खराब प्रथिनं मोडून साफ केली नाहीत तर ती मेंदूत साचतात आणि माणूस विसरायला लागतो. तुमची गोळी तो गाळ उपसते का, ते बघायचंय. अट एकच: गोळी पेशंटनेच आठवणीने घ्यायची, घरच्यांनी आठवण करून द्यायची नाही.

आईच्या दोन गोळ्या चुकल्या.

"नियम म्हणजे नियम, आजी," तुम्ही म्हणालात.

"अहो, एवढं आठवत असतं तर तुमच्या दारात कशाला तडमडले असते?" आई म्हणाली.

 

आता तुमच्या यादीत एकही गोळी न विसरलेले अकराजण उरलेत. मग विसरण्यावरचं औषध तपासताय कुणावर? उत्तर द्या!