डाव्या खांद्याची खूण

"इथं फक्त माजी सैनिकांनाच खाट मिळते. घरच्यांना नाही," डॉ. पद्माकर म्हणाले आणि त्यांनी समोरचा पिवळा कागद उलगडला.

रघुजी मोहिते. जन्म १८६३. ब्रह्मदेशच्या लढाईत सेवा. डाव्या खांद्यावर गोळीची खूण.

साल १९६४ चालू होतं. पद्माकरांनी मनात वजाबाकी केली, मग पुन्हा एकदा केली. टांग्यातून उतरवलेला म्हातारा बाकावर धापा टाकत होता. ओठ निळे पडलेले, तोंडात एकही दात नाही.

"एकशे एक वर्षं?"

"होय, डाक्टरसाहेब," सोबत आलेला म्हातारा म्हणाला. एवढ्या उन्हातही त्यानं कोट गळ्यापर्यंत बंद केला होता. "मल्लेश्वरमहून आणलं. दोन ठिकाणी खाट नाही म्हणाले."

"तुम्ही यांचे कोण?"

त्यानं कोटाची वरची गुंडी चाचपली. "मी हरी. मुलगा. वय सत्त्याहत्तर."

न्यूमोनिया होता. पद्माकरांनी ताबडतोब ऑक्सिजन लावला. एकशे एक वर्षं चाललेलं हृदय त्यांनी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. दिवसातून तीनदा ते नाडी मोजायला येऊ लागले.

"सार, यम यांचा पत्ता विसरला," वॉर्डबॉय बसवंत हसला. "आणि हे अण्णा बघा. सत्त्याहत्तरचे, पण जिना चढताना मला मागं टाकतात!"

अण्णा हसले नाहीत.

गुरुवारी छाती तपासताना पद्माकर थांबले. "गोळीची खूण कुठंय?"

"कातडी सुकली, साहेब. ऐंशी वर्षं होत आली."

"माझं ठीक आहे हो. पण शनिवारी मोठे साहेब कागद घेऊन फिरतात. खूण जुळली नाही तर खाट काढून घेतात. ऑक्सिजनही."

"नळी काढली तर?"

"एक तास. फार तर दोन."

"सरी, बरं," सोबतचा म्हातारा म्हणाला आणि नळीकडे बघत राहिला. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी रोग्यानं डोळे उघडले. त्याची बोटं अण्णांच्या कोटाच्या गुंडीपर्यंत पोचली. "अप्पा, घरी चला."

पद्माकरांनी वर पाहिलं. "तुम्हाला अप्पा म्हणतात?"

"ताप आहे, साहेब."

"होतं असं. या वयात मुलाच्या चेहऱ्यात बाप दिसतो."

शनिवारी सकाळी मोठ्या साहेबांचे बूट वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला वाजू लागले. पद्माकर घड्याळ धरून श्वास मोजत होते. मिनिटाला तीस. मग बारा. मग सहा. मग एकही नाही. इंजेक्शन देऊन झालं होतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बूट चौथ्या खाटेपाशी आले तेव्हा त्यांनी ऑक्सिजनची कळ स्वतःच बंद केली.

"आता खूण तपासायची गरज नाही," ते हळूच म्हणाले. "पूर्ण आयुष्य झालं, हरीअण्णा. बापासाठी मुलानं याहून जास्त काय मागायचं? तोंडात पाणी घाला."

म्हाताऱ्यानं वाटीत बोट बुडवलं आणि ते त्या निळ्या ओठांना लावलं.

सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी, ब्रह्मदेशातून परतल्यावर, रघुजीनं ह्याच बोटानं आपल्या तान्ह्या हरीला मध चाटवला होता.