शेवटचं नाव

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर द्वारकाला पाण्याला पाणी म्हणणंही सुचेना. डॉक्टर म्हणाले, "रोज वस्तू दाखवा, नावं विचारा. हळूहळू डोकं ताळ्यावर येईल." घरातली विधवा नणंद, आक्का, चिकाटीने तिच्या मागे लागली. पावसाळा सरेपर्यंत द्वारका आमसूल, आठळी, अडकित्ता, सगळं ओळखू लागली, आणि तिच्या नवऱ्याचा, त्र्यंबकरावांचा चेहरा उतरत गेला. केळशीच्या वामनभटांची मुलगी त्यांच्या मनात भरली होती. पण वामनभटांनी बजावलं होतं, "पहिलीचं डोकं शाबूत असेल, तर मी मुलगी देणार नाही."

खात्री करायला वामनभट आगबोटीने आले. आक्काने हौसेने एकेक वस्तू पुढे केली, द्वारकाने न अडखळता नावं सांगितली. वामनभटांनी जायला छत्री उचलली.

"थांबा," त्र्यंबकराव म्हणाले. "द्वारके, माझं नाव काय?"

द्वारकाने पदर सावरला आणि मान खाली घातली. पुन्हा विचारलं, तर ती लाजून नुसती हसली.

"बघा! नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही हिला."

आक्काने तोंड उघडलं. भावाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिने ते मिटलं. वामनभटांनाही मुलगी उजवायचीच होती. छत्री परत कोपऱ्यात गेली.



वैशाखात उंबरठ्यावर नवी नवरी उखाण्यात अडली, तेव्हा माजघरातून द्वारकाने तो खणखणीत पुरा केला, त्र्यंबकरावांच्या नावासकट.