एक्केचाळिसावं रोप

हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण अक्कलकोटकडच्या रानातलं एकूण एक रोपटं नागप्पाला नावानिशी ठाऊक होतं. निदान तो तसं सांगायचा, आणि सोलापूरच्या कॉलेजातून वनस्पती गोळा करायला आलेल्या हिंदुराव सरांनी ते खरं मानलं होतं. चौऱ्याहत्तर सालचा श्रावण. सकाळपासून सर रोप उपटून रद्दी पेपरात दाबत आणि नागप्पा खडाखड नाव सांगे. एक्केचाळिसाव्या रोपापाशी तो अडला. असलं रोप त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"फूल नाही, त्यामुळं कूळ ठरवता येईना," सर म्हणाले. "तुमच्यात काय म्हणतात याला?"

दोन विद्यार्थी वह्या उघडून उभे. 'ठाऊक न्हाय' म्हणायला नागप्पाची जीभ वळेना.

"रानतांदुळजा. आपल्या तांदुळज्याचा चुलतभाऊच की."

"म्हणजे खाण्यातला?"

"व्हय तर! लई ग्वाड भाजी हुतीया."

सरांनी वहीत 'खाद्य' असं लिहिलं. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण त्यांनी ओंजळभर पाला खुडून घेतला आणि घरी येताच नागप्पाच्या बायकोच्या, चन्नम्माच्या, हवाली केला.

आता तीन ताटं मांडली होती. भाकरी, शेंगाचटणी आणि हिरवीगार भाजी. नागप्पा खांबाला टेकून उभा होता. पाला खुडताना देठातून पांढरा चीक आला होता, तो त्याला आत्ता आठवला. तांदुळज्याला चीक नसतो. नाव त्यानं ठेवलं होतं खरं, पण त्या नावाला जागायचं, हे रोपाला कुणी सांगितलं होतं? गावातून एसटी थेट पाच वाजता. डॉक्टर गाठायचा तो त्याच्याही पुढं.

"सर," तो खांब सोडून पुढं आला, "श्रावणात पालेभाजी खाईत न्हाईत आमच्यात."

"मग बाईंनी रांधली कशी?"

"इसरली. वय झालं तिचं."

चुलीपुढं चन्नम्माच्या हातातली भाकरी जरा जोरात थापली गेली.

तेवढ्यात एका विद्यार्थ्यानं घास गिळलासुद्धा. "सर, हुबेहूब तांदुळज्याची चव. एकच कूळ असणार!"

नागप्पा सरांच्या ताटावर आडवाच झाला. "खाऊ नका! पोरा, ओक ते! मिठाचं पाणी आणा, कुणीतरी पाणी आणा!"

सरांचा घास हातातच राहिला. विद्यार्थी पांढराफटक पडला. सर ओरडले, "विषारी आहे का, नागप्पा? बोला की! काय आहे हे?"

सकाळपासून चाळीस नावं सांगितलेला नागप्पा पाण्याचा तांब्या शोधायला वळला.

चन्नम्मानं तव्यावरची भाकरी उलटली.

"जेवा सर निवांत. परसातला तांदुळजा हाय त्यो. तुम्ही दिलेला पाला मी शेळीपुढं टाकला, तिनं हुंगून तोंड फिरवलं. त्या रोपाचं नाव ह्यास्नी ठाऊक न्हाय." तिनं भाकरी फुगू दिली. "आदली चाळीस बी येकदा शेळीला दावून घ्या."