नववं अवधान

शहाद्याच्या जैन उपाश्रयात भंवरलाल अवधानाला, म्हणजे स्मरणशक्तीच्या प्रयोगाला, बसला होता. सोळा जणांनी ओळीने एकेक गोष्ट द्यायची, कुणी गुणाकार, कुणी श्लोकाची उलटी ओळ, कुणी घंटेचे टोले. शेवटी भंवरलालने सगळं त्याच क्रमाने परत सांगायचं. गावातले डॉक्टर त्याचं मनगट धरून बसले होते. सुरुवातीला बहात्तर असलेली नाडी आकडे सुरू होताच शंभरावर गेली. त्यांनी दंडाला सुई टोचून पाहिली, भंवरलालला ती कळलीही नाही.

आठव्या माणसाने गुणाकार दिला, तोच सारंगखेड्याहून घोडा दामटत आलेला घरचा गडी पितांबर गर्दीतून पुढे घुसला आणि भंवरलालच्या कानाशी वाकला.

"शेठजी, तुमनी माय गयी."

भंवरलालने मान हलवली. डोक्यातला नववा खण रिकामा होता, त्याने ते तिथे ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे कान केला.

तासाभराने तो सांगू लागला. आवाज एकसारखा होता.

"आठवं, तीनशे बारा गुणिले सत्तेचाळीस, चौदा हजार सहाशे चौसष्ट. नववं, माझी आई गेली. दहावं, घंटेचे सात टोले."

सतरावं सांगून झालं तरी टाळी वाजली नाही. नाडी पुन्हा बहात्तरवर आली होती. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "भंवरलालजी, आईचं तुम्हाला केव्हा कळलं?"

भंवरलालने त्यांच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"कळलं नाही अजून, डॉक्टरसाहेब. नुसतं पाठ झालंय."